समाचाराला आलेली माणसं

माझी आई हयात आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी ते वेळेवर सांगितलं नाही आणि सगळं तिथूनच बिघडलं.

मी फार बोलणारा माणूस नाही. परीक्षा विभागात तेवीस वर्षं काढली. विद्यापीठं दोन झाली, विभाग तोच राहिला. तिथं बोलणाऱ्याचं कामच नसतं. गुणपत्रिका, फेरतपासणीचे अर्ज, सीलबंद पाकिटं. विचारलं तेवढं सांगायचं, शक्यतो तेही सांगायचं नाही. बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं म्हणजे खिडकीबाहेर रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं. तिचं चुकत नाही. हे जे लिहितोय ते मी तिलाही कधी सलग सांगितलेलं नाही.

आमचं विद्यापीठ कर्जतच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. तीन वर्षांपूर्वी एका सत्रासाठी तिथं एक कादंबरीकार बाई पाहुण्या म्हणून आल्या. साठी ओलांडलेल्या, नागपूरकडच्या, कायम सुती साडी आणि पायात पुरुषी वाटतील अशा चपला. गेस्ट हाउसमध्ये एकट्याच राहायच्या. त्यांनी दर शनिवारी लेखनाची कार्यशाळा घ्यायची असं ठरलं, आठ शनिवार. विद्यार्थ्यांची नावं पुरेशी येईनात, तेव्हा नोटीस लागली की कर्मचारी आणि बाहेरचे लोकही चालतील. मी नाव दिलं.

का दिलं, याचं उत्तर मी तेव्हा सगळ्यांना देत होतो ते असं की तरुणपणी दोन कथा छापून आल्या होत्या, हौस राहून गेली. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की शनिवार हा माझा आईकडे जायचा वार होता.

आई खालापूर तालुक्यात आमच्या गावी एकटी राहते. मी दहिवलीला, तिसऱ्या मजल्यावर. मोटरसायकलवर पाऊण तासाचं अंतर. वडील गेल्यावर मी तिला इकडे आणलं आणि सात महिने ठेवलं. ठेवलं, हाच शब्द बरोबर आहे. इमारतीला लिफ्ट नाही, तिला खाली उतरता येईना, आणि दार लावून बसायची तिला सवय नाही. म्हणून ती जिन्यात बसायची. जाणाऱ्या-येणाऱ्या बाईला विचारायची, "काय कालवन केलंस गं आज?" कुणीतरी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे कुरकुर केली. बायको एका शब्दानं काही बोलली नाही. मीच बोललो. पावसाळा लागला होता, म्हटलं, आये, गावाकडं आवणी सुरू झाली असंल, चार दिवस जाऊन ये. आमचं शेत खंडानं दिलेलं. भात कोण लावतं हेही तिला बघायचं कारण नव्हतं. पिशवी भरताना तिनं विचारलं, "चारच दिवस ना रं?" मी हो म्हणालो. कार्यशाळा सुरू झाली तेव्हा त्या चार दिवसांना सहा वर्षं झाली होती.

आधी दर शनिवारी जायचो. मग एकाआड एक. मग महिन्याला. कार्यशाळेचं नक्की झाल्यावर तिला फोन केला, आता दोन महिने शनिवारी शिकवणी हाय. ती म्हणाली, "ह्या वयात? शीक बाबा. शिकल्यालं वाया जात नाय."

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही नऊजण बसायचो. त्यातल्या दोघांचीच इथं गरज आहे. एक निवृत्त रेल्वे गार्ड. नोकरी सगळी घाटात गेलेली. त्यांनी कुठलीही गोष्ट लिहायला घेतली तरी ती ठाकुरवाडीपाशी येऊन थांबायची. बाई एकदा त्यांना म्हणाल्या, "साहेब, कधीतरी लोणावळ्यापर्यंत जाऊ द्या ना गाडी." सगळ्यात जास्त हसले ते गार्डच. दुसरी एम.ए.ची मुलगी, शेलूहून यायची. मला काका म्हणायची.

बाईंचे नियम थोडे होते. ज्यानं लिहिलं त्यानं स्वतः वाचायचं नाही, दुसऱ्यानं वाचायचं. बाकीचे बोलत असताना लिहिणाऱ्यानं अक्षर काढायचं नाही. "पुस्तक घेऊन वाचकाच्या मागं मागं फिरणार आहात का तुम्ही समजावत?" असं त्या विचारायच्या. सगळे बोलून झाले की त्या लिहिणाऱ्याकडे वळायच्या आणि विचारायच्या, "तुम्हाला काही सांगायचं आहे?" बहुतेक जण आभार मानायचे.

मला हा नियम फार आवडला होता. गप्प बसण्याबद्दल शाबासकी मिळेल अशी जागा मला आयुष्यात पहिल्यांदा सापडली होती.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सांगितलं, घरातल्या एका माणसावर लिहून आणा. मी आईवर लिहायला बसलो. चार रात्री बसलो. दर वेळी एक पान व्हायचं आणि ते माझ्याच सबबींनी भरलेलं असायचं. तिला तिथंच बरं वाटतं. तिथली हवा चांगली. शेजारी माणसं आहेत. वाचलं की वाटायचं, फेरतपासणीचा अर्ज आहे हा. जिवंत आईवर लिहायचं तर मी तिच्याजवळ का नाही, ते लिहावं लागत होतं.

पाचव्या रात्री मी तिला मारलं.

श्रावणात गेली, असं लिहिलं. तिचा शेवटचा महिना लिहिला. मी बिनपगारी रजा टाकून गावी राहिलोय, पेज करून चमच्यानं भरवतोय, खोबरेल तेल कोमट करून तिचे पाय चोळतोय, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून तासातासाला कुशीवर वळवतोय. सात पानं एका बैठकीत झाली. खोडाखोड नाही. लिहिताना मला रडू आलं, तेही सांगतो. ते कुणासाठी आलं ते आता विचारू नये.

आणखी एक सांगायचं आहे, ते जास्त अवघड आहे. ती पानं मी हवेतून लिहिली नव्हती. आदल्या वर्षी आई तापानं तीन आठवडे पडून होती. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा शेजारची वैनी तिच्यापाशी बसलेली. ही माझ्या चुलतभावाची बायको, भिंतीला भिंत लागून घर. तेलाची वाटी निखाऱ्यावर धरून कोमट करणं, टाचेपासून वर अंगठ्यानं चोळत जाणं, पाठीखाली जुनं लुगडं चौघडी करून सरकवणं, हे सगळं मी दारात उभा राहून पाहिलं होतं. हात वैनीचे होते. मी त्यांच्या जागी माझे लिहिले आणि वैनीला गोष्टीत घेतलंच नाही. घेतलं असतं तर मला करायला काही उरलं नसतं.

चौथ्या शनिवारी शेलूच्या मुलीनं ती पानं वाचली. वाचताना तिचा आवाज दोनदा बसला. संपल्यावर तिनं पानं बाईंकडे सरकवली. मग गार्डसाहेब म्हणाले, "याच्यावर काय बोलायचं? असा मुलगा पोटी यावा." बाई म्हणाल्या, "मला पहिल्यांदा इथं कोणाच्या लिखाणात हात दिसले. माणसं भावना लिहून राहिली, हात कोणी लिहीत नाही." मी खाली बघत होतो. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्हाला काही सांगायचं आहे?"

मी म्हणालो, "नाही."

हा एक शब्द. बाकी सगळं मी कागदावर केलं होतं, कागदावर काय, माणूस काहीही करतो. हा मी तोंडानं उच्चारला. उठताना गार्डसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि हळूच विचारलं, "वर्षश्राद्धापर्यंत सण नसतील ना यंदा?" मी मान हलवली. त्या मानेचा अर्थ त्यांनी त्यांच्या सोयीनं घेतला. मी घेऊ दिला.

परत मिळालेल्या पानांवर बाईंनी पेन्सिलीनं एकच शेरा लिहिला होता: या खोलीत उजेड कुठून येतो?

मला सांगता येईना. त्या खोलीत मी जन्मलो. दुसऱ्या खर्ड्यात ते हवं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी गावी गेलो. पाच आठवड्यांनी गेलो, आणि तेही आईच्या मरणाला लागणारा उजेड बघायला.

आई पडवीत तांदूळ निवडत होती. मला बघून म्हणाली, "शिकवनी संपली?"

"नाय, सुट्टी हाय."

मी आत गेलो. खोलीला एकच खिडकी, तीही मागच्या भिंतीत, तिच्यातून फणसाच्या सावलीशिवाय काही येत नाही. तरी खाट उजळलेली होती. वर बघितलं तर कौलांत एक काचेचं कौल.

"आये, हे कवा बसवलंस?"

"दोन वर्सं झाली की. वैनीच्या मालकानं बसवलं. मला सुई दिसत नव्हती."

दोन वर्षांत मी त्या खोलीत किती वेळा बसलो असेन. मान वर गेली नव्हती.

वही काढली. उजेडाचा चौकोन खाटेच्या मधोमध होता, पण निजलेल्या माणसाच्या कुठं पडेल ते कळेना. म्हटलं, "आये, जरा पड ना खाटेवर."

"नऊ वाजता? मी आजारी हाय का?"

"पड गं जरा."

ती पडली. मी सांगितलं तर ती काय वाटेल ते करते, ही तिची खोड आहे. "फोटू काडतोस का?" तिनं विचारलं.

"नाय. डोळे मीट जरा."

तिनं डोळे मिटले. उजेड छातीपासून हनुवटीपर्यंत येत होता. मी ते लिहून घेतलं. हनुवटीवरचे दोन पांढरे केस चमकत होते, तेही लिहून घेतले.

तेवढ्यात पडवीत चपला काढल्याचा आवाज झाला. दारात तिघं उभी होती: बाई, गार्डसाहेब आणि शेलूची मुलगी. बाईंनी डोक्यावरून पदर घेतला होता. मुलीनं पांढरा कुर्ता घातला होता.

आमच्याकडे मयत झालेल्या घरी समाचाराला जाताना कळवून जात नाहीत. कळलं की जायचं. गार्डसाहेबांना ते कालच कळलं होतं. आपण महिनाभर एका टेबलाला बसलो आणि माणसाच्या घरी गेलो नाही, हे त्यांना लागलं. गावाचं नाव माझ्याच पानांत होतं. रिक्षा करून आले, आळीच्या तोंडाशी वैनी भेटली, तिला घर विचारलं. ती घर दाखवायला त्यांच्याबरोबर आली होती.

खाटेवर डोळे मिटून निजलेली म्हातारी गार्डसाहेबांनी बघितली आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "या मावशी का?"

आईनं डोळे उघडले. "मावशी कोनाची? मी आय हाय त्याची. तुमी कोन?"

गार्डसाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच जमिनीकडे. बाई मात्र वर बघत होत्या, काचेच्या कौलाकडे.

आई उठून बसली. तिची नजर मुलीच्या हातातल्या पिशवीवर गेली. आत चहाची पुडी आणि किलोभर साखर. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून लोक चहा-साखर घेऊन जातात. आईनं आयुष्यात अशा किती पिशव्या नेल्या असतील. तिनं विचारलं, "कोन गेलं?"

कुणी बोलेना. मग मी बोललो. "वरल्या आळीत कोनीतरी गेलंय, आये. घर चुकलं ह्यांचं."

"वरल्या आळीत? कोन गं बाय? मला कसं कोन बोललं नाय?" ती खाटेखाली चपला शोधायला लागली. "थांबा, मी बी येते. माझं जानं व्हायाला पायजे."

"वरल्या आळीत कोन नाय गेलं, आये," दारातून वैनी म्हणाली. "मी आताच दळन घेऊन आले."

एक चप्पल पायात, एक हातात अशी आई थांबली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी वही मिटली.

शेवटी बाई खाली बसल्या, आईच्या पायाशी, जमिनीवर. म्हणाल्या, "कोणी गेलं नाही, आई. कागदावर चुकीचं लिहिलं गेलं होतं. ते वाचून आलो आम्ही."

"कोनाचं लिवलं?"

"तुमचं."

आई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडावर समजल्याचा भाव आला, आणि तो बघून मला बरं वाटलं, हे मला आजवर माफ करता आलेलं नाही.

"रेशनवरचं नाव काडलं व्हय," ती म्हणाली. "माज्या नणंदेचं बी असंच केल्तं. ती तैसिलीत जाऊन हुबी ऱ्हायली. बोलली, बघा, जिती हाय का नाय. तरी त्यो बोलला, कागद आना." मग तिनं विचारलं, "पर माझं लिवलं कोनी?"

बाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. शनिवारी सगळे बोलून झाल्यावर बघायच्या तसंच. तोंडानं काही विचारलं नाही.

मी म्हणालो, "मी बघतो, आये."

"हा हाय ना," आई बाईंना सांगायला लागली, "ह्यो कागदाच्याच हापिसात हाय. ह्यो लावील माझं नाव. मला काय घोर नाय." आणि चहा ठेवायला उठली.

गार्डसाहेब सवयीनं म्हणून गेले, "नको, नको, अशा घरात..." आणि थांबले. चहा सगळ्यांनी घेतला. आई एकटीच बोलत होती: मुलीचं गाव कुठलं, लग्न झालं का, शेलूला आता किती इमारती झाल्या. मग ते उठले आणि चपला घालून गेले.

"कसली मानसं रं तुजी," आई म्हणाली. "च्या पिली आन् 'येतो' बी बोलली नायत."

वैनी कपबशा गोळा करत होती. "समाचाराला आल्यावर 'येतो' बोलत नाय, आये," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून कपबशा घेऊन मोरीकडे गेली. तिला सगळं कळलं होतं. पाच मिनिटं दारात उभी राहून कळलं होतं.

सोमवारी मी गेस्ट हाउसवर गेलो. रागावतील असं वाटलं होतं. त्या व्हरांड्यात केस वाळवत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बसा. नऊ माणसांसमोर विचारलं मी तुम्हाला. नऊ माणसांसमोर कोण खरं बोलते? ती चूक माझी." मग त्यांनी केस झटकून बांधले. "काल मी त्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले. कागदावर चुकीचं लिहिलं गेलं म्हणाले. वाक्य तसं खरं होतं, म्हणून जास्त खोटं. ते मला घेऊन जायचं नाही इथून. ती पानं त्यांना वाचून दाखवा."

"कळेल का तिला?"

"तुम्हाला न कळण्याची भीती आहे की कळण्याची?"

मी उठून आलो. उरलेल्या चार शनिवारी कार्यशाळेला गेलो नाही. आईकडेही गेलो नाही. ऑफिसात बसून राहिलो, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरून त्यांचं हसणं ऐकू यायचं. सत्र संपलं, बाई गेल्या.

आईचे फोन यायला लागले. एरवी ती फोन करत नाही. वैनी नंबर लावून देते तेव्हाच बोलते. "लावलंस का रं माझं नाव?" लावतो, म्हणालो. आठ दिवसांनी परत. "लावलंस का? मला आपलं वाटतं, मी खाटेवर पडल्याली बघून कोनी पुन्ना लिवायाचं." मी म्हणालो, लावलं. मग तिसरा फोन आला, तो आनंदाचा होता. वैनीला घेऊन ती रेशनच्या दुकानात गेली होती. दुकानदारानं अंगठा लावून घेतला, मशीनमध्ये बघून सांगितलं, आजी, तुमचं नाव आहे की.

"तू लावलंस, मी बघून आले," ती म्हणाली. "सगल्या आळीला सांगितलं. हापिसातला मानूस घरात असला की बरं असतं."

त्या शनिवारी मी पानं घेऊन गेलो.

दुपारची वेळ होती. ती खाटेवर पाय लांब करून बसली होती. मी समोर बसलो आणि सांगितलं, आये, तहसिलीत काही नव्हतं. रेशनवर काही नव्हतं. तू गेलीस असं मीच लिहिलं होतं, शिकवणीत. त्या बाई ते वाचून आल्या होत्या.

"तू लिवलंस?"

"हो."

"कशापाई?"

मी म्हणालो, "गोष्ट लिहायची होती."

तिनं विचार केला. मग भिंतीकडे तोंड करून हाक मारली, "अगं ये, ये हिकडं. ह्यानं मी कशी मेले ते लिवलंय. ऐक ये."

हे मी गृहीत धरलं नव्हतं. वैनी पदराला हात पुसत आली आणि उंबऱ्यावर बसली. आता पानं घडी करून खिशात घालता आली असती. आई माझ्या तोंडाकडे बघत होती, नातवाच्या शाळेच्या कार्यक्रमाला बघायची तशी. मी वाचायला लागलो.

पेज आली तिथं आई म्हणाली, "मला पेज नाय आवडत. गुळमाट लागती." मी पुढं वाचलं. तेलाची वाटी आली. निखाऱ्यावर धरलेली. टाचेपासून वर जाणारा अंगठा आला. पाठीखालचं चौघडी लुगडं आलं. माझा आवाज मला ऐकू येत होता आणि तो परीक्षा विभागातला होता, आसनक्रमांक वाचताना असतो तसा. मी एकदाही मान वर केली नाही. सात पानं संपली.

पहिल्यांदा वैनी बोलली. "भावजी, ह्यो पोरगा कोन?"

"आपलाच की गं," आई म्हणाली.

"बरा हाय पोरगा," वैनी म्हणाली. "असा एक असाया पायजे घरात." आणि उठली. "जाते, माझं कालवन लागंल." बाहेर जाताना तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

आईनं लुगडं सारखं केलं. मग म्हणाली, "म्हंजे रेशनवर माझं नाव पैल्यापासूनच हाय?"

"हाय."

"मंग काय." ती हसलीही थोडी. मग पानांकडे बोट करून विचारलं, "त्यात तू शेवटपत्तूर व्हतास का?"

"होतो."

तिनं मान हलवली. रागावली नाही. तिनं रागवावं म्हणून मी वाट बघत बसलो होतो. उजेड खाटेवरून सरकून भिंतीवर गेला होता.

मग मला काय वाटलं कोण जाणे. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. तेल शोधलं, बाटली कुठं असते ते माहीत नव्हतं, तीन डबे उघडले तेव्हा सापडली. वाटीत ओतलं. चूल विझलेली होती, गॅस पेटवला आणि वाटी चिमट्यात धरून त्याच्यावर धरली. जास्त तापलं. फुंकर मारत घेऊन आलो आणि तिच्या पायाशी बसलो. तिची पावलं मी लिहिली होती त्यापेक्षा लहान होती, आणि टाचांना भेगा होत्या ज्या मी लिहिल्याच नव्हत्या. मी डाव्या टाचेवर अंगठा ठेवला आणि वर न्यायला लागलो.

तिनं थोडा वेळ सहन केलं. मग पाय हळूच जवळ ओढून घेतला, लुगड्याखाली.

"ऱ्हाऊ दे रं," ती म्हणाली. "दुकतंय. तुला नाय जमायचं. तिला हाक मार."

मी तेलाचे हात तसेच घेऊन पडवीत आलो. वैनीच्या घरातून फोडणीचा आवाज येत होता. मी तिला हाक मारली. पहिल्या हाकेला ती आली नाही. मी दुसरी मारली.